साबणाच्या पाण्यातली खडीसाखर

"आता तूच सांग तिला काहीतरी. माझं तर ऐकतच नाही!" ताईचा फोन. विषय अर्थातच माझ्या भाचीचा. मुलगी एकोणतीस वर्षांची झाली, बंगळुरूला पीएच.डी. करते, पाचवं वर्ष सुरू आहे आणि हातात अजून काही नाही. स्थळं येतात, पण "मुलगी नेमकं करते काय?" या पहिल्याच प्रश्नाला ताई अडते. एका लग्नात कुणीतरी असंच विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "ती साबणाच्या पाण्यात खडे वाढवते." विचारणारी बाई फिस्सकन हसली. ताईला ते हसणं फार लागलं.

खरं सांगायचं तर मलाही कुठे माहीत होतं? मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. घर सांभाळून गेली बारा-तेरा वर्षं बचत गटांचं काम करते, त्यामुळे कर्जाचे हप्ते आणि लोणच्याचा खर्च मला तोंडपाठ. पण ही पोर रात्री अकरा-अकरापर्यंत प्रयोगशाळेत बसून काय करते, हे मी तिला कधी नीट विचारलंच नव्हतं. विचारायचे ते एवढंच, "जेवलीस का?" आणि "अजून किती दिवस गं?"

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली. आमच्या गटाच्या बायका भांडी घासायचा लिक्विड साबण तयार करतात. त्या दिवशी अंगणात पिंप मांडून ढवळणं चाललं होतं. भाची चहाचा कप घेऊन त्यांच्यातच जाऊन बसली. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "काय गं, तू पण म्हणे साबणाचंच काम करतेस?"

"हो मावशी, अगदी तुमचंच काम! फक्त माझा साबण तुमच्यापेक्षा खूप महाग आणि माझं भांडं डोळ्यांना दिसत नाही."

सगळ्या हसल्या. मग तिने परात मागितली, तीत पाणी घेतलं आणि वर गोडेतेलाचा थेंब सोडला. तेल गोल होऊन तरंगत राहिलं. पिंपातल्या साबणाचा एक थेंब टाकला, तसं तेल बिचकल्यासारखं कडेला पळालं. हे आपण रोज मोरीत बघतो. पण ते का होतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी भाचीकडून कळलं.

ती म्हणाली, "साबणाच्या प्रत्येक कणाला एक डोकं असतं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. पाण्यात पडलं की शेपटाची पंचाईत होते. मग पुष्कळ कण एकत्र येतात आणि गोळा करून बसतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपटं आत लपवलेली. या गोळ्याला मायसेल म्हणतात. भांड्याचं तेल त्या गोळ्याच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. साबण अगदीच कमी असला तर गोळे होतच नाहीत, म्हणून थेंबभर साबणाने कढईचा ओशटपणा जात नाही."

"पण आपल्या साबणाला फेस कमी येतो, गिऱ्हाईक कुरकुरतं," गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या. "फेसाने भांडं निघत नाही काकू, या गोळ्यांनी निघतं. आम्ही तर प्रयोगशाळेत फेस आला की घाबरतो. फेसात आमचं प्रथिन खराब होतं."

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळी आणि अंडी आठवतात. पण आपल्या शरीरात हजारो प्रकारची प्रथिनं आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. आपलं शरीर पेशींचं बनलेलं. प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही पातळ. गंमत अशी, की हा पडदाही डोकं-शेपूट असलेल्या स्निग्ध कणांचाच. दोन थर, शेपटाला शेपूट लावून बसलेले. या पडद्यात काही प्रथिनं रुतलेली असतात. कुणी दार उघडतं, कुणी आतलं बाहेर फेकतं, कुणी बाहेरचा निरोप आत पोचवतं. आपल्या एकूण प्रथिनांच्या प्रकारांपैकी साधारण एक चतुर्थांश या पडद्यातली आहेत. आणि आपण मेडिकलच्या दुकानातून जी औषधं आणतो, त्यातली निम्म्याच्या आसपास या पडद्यातल्या प्रथिनांवरच काम करतात.

आमच्या सासूबाई झोपाळ्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना दमा. उशाशी पंप असल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. भाची त्यांच्याकडे वळली. "आजी, तुम्ही पंप ओढता ना, ते औषध तुमच्या श्वासनलिकेच्या स्नायूंवर जातं. तिथल्या पेशींच्या पडद्यात एक प्रथिन आहे, दारावरच्या घंटेसारखं. औषध बाहेरून ती घंटा वाजवतं. आत निरोप जातो, आवळलेला स्नायू सैल पडतो आणि तुम्हाला श्वास मिळतो." पित्तावरची गोळीही तशीच. पोटातल्या पेशींच्या पडद्यात आम्ल बाहेर टाकणारा एक पंप असतो, गोळी तो बंद पाडते.

सासूबाईंनी हातातला पंप उलटसुलट करून बघितला. "मग ती घंटा दिसते कशी, ते शोधतेस तू?"

अगदी तेच! माझी भाची ज्या प्रथिनावर काम करते ते एका जिवाणूचं आहे. आपण अँटिबायोटिक घेतो, ते जिवाणूच्या आत शिरतं आणि हे प्रथिन ते पुन्हा बाहेर फेकतं. म्हणून औषध लागू पडत नाही. या प्रथिनाचा आकार नेमका कळला, तर त्याला अडकवून ठेवणारं औषध शोधता येईल. कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली कशी करणार?

पण प्रथिन इतकं लहान, की साध्या सूक्ष्मदर्शकाने ते दिसत नाही. त्यासाठी क्ष-किरण लागतात. तेही एका प्रथिनावर टाकून भागत नाही. सव्वीस जानेवारीला मैदानावर मुलांची कवायत असते. लांबून बघताना एका मुलाने हात वर केलेला कळत नाही, पण हजार मुलं ओळीत उभी राहून एकदम हात वर करतात, तेव्हा स्पष्ट दिसतं. तसंच अब्जावधी प्रथिनं एकाच पद्धतीने, एकाच दिशेने ओळीत उभी करायची. अशी शिस्तीत उभी राहिलेली प्रथिनं म्हणजेच स्फटिक. ताईच्या भाषेत खडा.

खडा कसा धरतो, हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. खडीसाखर कशी होते? घट्ट पाकात दोरा सोडायचा आणि वाट बघायची. पाक घाईने आटवला तर भुगा होतो, सावकाश निवू दिला तर मोठे खडे धरतात. साखरआंब्याच्या बरणीच्या तळाशी कधी कधी न सांगता खडे होतात. आणि खडे नको असतील तेव्हा आपण पाकात लिंबू पिळतो. सासूबाईंनी हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आमच्या पुस्तकात हेच लिहिलंय. फक्त आम्हाला कुठलं लिंबू नडतंय, ते कळत नाही."

पाण्यात सहज विरघळणाऱ्या प्रथिनांचे खडे त्या मानाने सोपे. सोपे म्हणजे किती? डोरोथी हॉजकिन या इंग्लंडमधल्या बाईंनी इन्सुलिनच्या स्फटिकावर १९३४ च्या सुमारास काम सुरू केलं आणि त्याची पूर्ण रचना १९६९ मध्ये लागली. पस्तीस वर्षं! मधल्या काळात पेनिसिलिन आणि बी-१२ जीवनसत्त्वाच्या रचना त्यांनी सोडवल्या, १९६४ चं नोबेल मिळवलं, तीन मुलं वाढवली आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी हे नाजूक काम केलं. इन्सुलिनच्या त्या कामात एम. विजयन हे आपले भारतीय शास्त्रज्ञही होते. ते पुढे बंगळुरूलाच नावारूपाला आले.

पडद्यातल्या प्रथिनाचं दुखणं वेगळंच. त्याचं मधलं अंग तेलकट, कारण ते स्निग्ध पडद्यात राहतं. दोन्ही टोकं मात्र पाण्यात डोकावणारी. त्याला पडद्यातून ओढून नुसत्या पाण्यात टाकलं, तर तेलकट अंगं एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गिचका होतो. इथे साबण कामाला येतो. साबणाचे कण प्रथिनाच्या तेलकट कंबरेभोवती शेपटं टेकवून पट्ट्यासारखे बसतात. बाहेर सगळी डोकीच डोकी. पाण्याला वाटतं, हे आपलंच आहे. मग प्रथिन पाण्यात सुखाने राहतं.

"म्हणजे माहेर सोडून सासरी आलेली पोर म्हण की," एक मावशी पटकन म्हणाल्या. भाचीला हे इतकं आवडलं, की तिने ते वहीत लिहून घेतलं. कारण पुढचं सगळं त्याच भाषेत सांगता आलं. साबण कडक असला, तर तो माहेरचं सगळं ओरबाडून काढतो आणि प्रथिन उलगडून मरून जातं. काही प्रथिनांना माहेरचे थोडे स्निग्ध कण अंगाला चिकटलेले असावेच लागतात. कुणाला तर वरून कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ थोडासा द्यावा लागतो, तेव्हा कुठे ती नव्या पाण्यात टिकतात. मुलीबरोबर आपण तुपाचा डबा आणि गोडा मसाला देतो ना, तसंच.

मग सौम्य साबण वापरावा, झालं! पण तिथेच मेख आहे. सौम्य साबणाचं शेपूट लांब असतं, त्याचा पट्टा जाड होतो आणि प्रथिन त्यात जवळजवळ झाकून जातं. खडा धरायचा तर प्रथिनांनी एकमेकांचा हात धरायला हवा. पट्टा तर लिबलिबीत, त्याला धरून ओळ लागत नाही. हात फक्त बाहेर आलेल्या टोकांनीच धरता येतो. आखूड शेपटाचा साबण घेतला तर पट्टा बारीक होतो, टोकं मोकळी होतात, पण तो साबण कडक. म्हणजे मऊ घ्यावा तर हात पोचत नाही आणि कडक घ्यावा तर जीव जातो. या दोहोंच्या मधला साबण शोधण्यात तिची दोन वर्षं गेली. तिच्या कपाटात असे कितीतरी साबण आहेत. काहींच्या डोक्याला चक्क साखर असते. कुणाच्या डोक्यावर ग्लुकोज, तर कुणाच्या माल्टोज.

साबण ठरला, की पुढचं काम डब्याच्या झाकणाचं. गरम भाजीच्या डब्याला झाकण लावलं की आतून थेंब धरतात, तसा एक थेंब काचेच्या छोट्या झाकणावर उलटा टांगायचा. केवढा? टाचणीच्या माथ्याएवढा. त्यात प्रथिन, साबण आणि थोडं खारं पाणी. खाली वाटीत तेच पाणी, पण जास्त दाट. कडेला ग्रीस लावून झाकण घट्ट बसवायचं. थेंबातलं पाणी हळूहळू वाफ होऊन वाटीकडे जातं आणि थेंब आटत जातो. पाक घट्ट होतो म्हणा ना! पाणी ओढून घ्यायला कधी मीठ घालतात, तर कधी पॉलिइथिलीन ग्लायकॉल. हे ग्लायकॉल बद्धकोष्ठावरच्या औषधातही असतं. सगळं थंड खोलीत ठेवायचं आणि दर दोन-चार दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून बघायचं. एका ताटलीत असे शहाण्णव थेंब, प्रत्येकाचं पाणी वेगळं. बहुतेक थेंब स्वच्छच राहतात. काही गढूळ होतात. काहींत साबणच वेगळा होऊन तेलाचे डोळे दिसायला लागतात.

तिसऱ्या वर्षी एका थेंबात सुयांसारखे सुंदर खडे धरले. तिने आनंदाने सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. मग एक खडा क्ष-किरणांत धरला आणि कळलं, की ते प्रथिन नव्हतंच. प्रथिनाचा खडा मऊ असतो, त्यात जवळपास निम्मं पाणीच असतं. सुईने टोचला तर तो भुसभुशीत फुटतो. हा कडकन वाजला. त्या रात्री तिने मला फोन केला होता, "मावशी, मीठ निघालं गं." मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी म्हटलं, "अगं, मग पुन्हा कर." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

एके काळी तर शास्त्रज्ञांतही बहुतेकांचं मत होतं, की पडद्यातल्या प्रथिनांचे असे खडे करणं अशक्यच. जर्मनीतल्या हार्टमुट मिशेल या तरुणाला ते पटेना. एका जांभळ्या रंगाच्या पडद्यातलं प्रथिन त्याने फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. ते काढल्यावर त्याला काचेसारखे घट्ट गोळे दिसले. खडे नव्हतेच ते, पण हे प्रथिन घट्ट जमू शकतं, तर ओळीतही उभं राहील, असं त्याच्या मनाने घेतलं. १९८० मध्ये त्याला आणि त्याचे गुरू डीटर ओस्टरहेल्ट यांना त्या प्रथिनाचे पहिले खडे मिळाले. त्याच वर्षी गाराव्हिटो आणि रोझेनबुश या दोघांनीही दुसऱ्या एका प्रथिनाचे खडे करून दाखवले. पण रचना काढण्याइतके ते चांगले नव्हते.

मग म्युनिकजवळच्या मार्टिनस्रीड गावातल्या संस्थेत मिशेलने दुसरं प्रथिन घेतलं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या एका जिवाणूच्या पडद्यातलं, उजेड पकडणारं. आता लक्ष देऊन वाचा. त्याने त्यासाठी जो साबण वापरला, त्याचं नाव लांबलचक आहे, पण तोच पदार्थ भांड्यांच्या लिक्विड साबणात आणि शांपूत फेसासाठी घालतात. आणि थेंबातलं पाणी ओढायला घेतलं अमोनियम सल्फेट, जे आपल्या शेतात खत म्हणून पडतं! भांड्याचा साबण आणि शेतातलं खत. मिशेलची हुशारी पुढे आहे. साबणाचा पट्टा जाड पडतोय, हे ओळखून त्याने हेप्टेनट्रायॉल नावाचा एक अगदी छोटा पदार्थ त्यात मिसळला. तो पट्ट्यात शिरून बसला आणि पट्टा बारीक झाला. प्रथिनांना एकमेकांचे हात धरता आले. १९८१ मध्ये खडे धरले, १९८२ मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. योहान डायझेनहोफर, रोबर्ट हूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर दहा हजारांहून जास्त अणूंची ती रचना १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. पडद्यातल्या प्रथिनाचा असा बारकाईने काढलेला हा पहिलाच चेहरा. १९८८ चं नोबेल या तिघांना मिळालं.

अंगणात शांतता होती. मग गटाच्या अध्यक्षा पिंपाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे नोबेल आपल्या मोरीतच होतं म्हण!"

सासूबाईंना मात्र त्यांच्या घंटेची गोष्ट हवी होती. ती अमेरिकेतली. ब्रायन कोबिल्का मिनेसोटातल्या एका लहान गावातले, बेकरीवाल्याचा मुलगा. शिकले डॉक्टरकी. १९८६ मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी या घंटेचा जीन शोधला. ही घंटा पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाते, हेही तेव्हा लक्षात आलं. पुढे स्टॅनफर्डला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि खड्यांच्या मागे लागले. हे प्रथिन फार चंचल, साबणात स्वस्थ बसत नाही, टोकंही अगदी आखूड. घर चालवायला ते सुट्टीच्या दिवशी इस्पितळात तातडीच्या विभागात डॉक्टर म्हणून काम करत. मध्यंतरी संशोधनाचा मोठा निधीही थांबला. त्यांची पत्नी टाँग सन मूळच्या मलेशियाच्या, त्याही डॉक्टर. त्या नवऱ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करत राहिल्या.

शेवटी त्यांच्या गटाने दोन युक्त्या केल्या. एकदा घंटेला एक अँटिबॉडीचा तुकडा चिकटवला आणि एकदा मध्येच दुसरं शांत, पाण्यात राहणारं प्रथिन जोडलं, म्हणजे पट्ट्याबाहेर धरायला हात मिळाला. त्यातही एकदा प्रथिन साबणातून काढून पुन्हा एका स्निग्ध लगद्यात घातलं. ही लगद्याची युक्ती स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात १९९६ मध्ये निघाली होती. २००७ मध्ये घंटेचा चेहरा दिसला. त्या शोधनिबंधात टाँग सन यांचंही नाव आहे. २०११ मध्ये आतल्या जोडीदारासह निरोप देणारी घंटा पकडली, त्यासाठी तर एक नवा साबण मुद्दाम तयार करून घेतला होता. २०१२ मध्ये गुरू-शिष्यांना मिळून नोबेल मिळालं. जीन मिळाल्यापासून चेहरा दिसेपर्यंत एकवीस वर्षं. सासूबाई म्हणाल्या, "एकवीस वर्षं? माझा दमा पंधरा वर्षांचा आहे."

रात्री ताई आली, लेकीला न्यायला. जेवणं झाली. आम्ही तिघी गच्चीत बसलो. ताईने सरळच विचारलं, "पण तुझा खडा आला का?"

"नाही आला, आई."

ताईने माझ्याकडे बघितलं. भाची म्हणाली, "खडा आला नाही, पण साबण सापडला. आधी प्रथिन एका दिवसात मरायचं. आता थंडीत दोन आठवडे जिवंत राहतं. सरांनी सांगितलंय, खड्याची वाट बघायची नाही. आता ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाणार."

मग तिने तेही समजावलं. साधारण २०१३ पासून एक नवी पद्धत जोरात आली. प्रथिनाचं पाणी पातळ पापुद्र्यासारखं क्षणात गोठवायचं आणि त्यातल्या सुट्या प्रथिनांचे लाखो फोटो काढून संगणकाने एकत्र करायचे. ओळीत उभं करायची गरजच नाही. २०१७ चं नोबेल या पद्धतीला मिळालं. २०२४ मध्ये तर प्रथिनाचा आकार संगणकाकडून वर्तवून घेणाऱ्यांनाही नोबेल मिळालं.

"मग तुझी एवढी वर्षं फुकटच की!" ताईचा आवाज कापरा झाला. तिच्या मनात काय होतं, ते मला कळत होतं. लेकीचं लग्नाचं वय, नातेवाइकांचे टोमणे आणि तिच्या बाबांच्या मागे एकटीने काढलेली वर्षं.

"आई, फोटो काढायचा तरी प्रथिन पाण्यात जिवंत राहायला नको का? त्याला पडद्यातून काढायला आजही बहुतेक वेळा साबणच लागतो. आणि संगणक शिकला कशावर? लोकांनी आधी खडे वाढवून ज्या रचना काढल्या, त्यांच्यावरच. त्या जागतिक भांडारात आज दोन लाखांहून जास्त रचना आहेत. औषध नेमकं कुठे बसतं, ते तर अजूनही प्रत्यक्षच बघावं लागतं. खडा दिसतो गं, म्हणून सगळे खडाच विचारतात. साबण कुणी विचारत नाही."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मलाही बोलवेना. आपण बायका आयुष्यभर काय करतो? ताट दिसतं, त्यामागची निवडलेली भाजी दिसत नाही. मुलाचा निकाल दिसतो, पहाटे चारला केलेला चहा दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाला कुणी किंमत देत नाही, म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत कितीदा तरी बोलतो. आणि आमच्याच घरातल्या मुलीला मात्र पाच वर्षं विचारत होतो, "हातात काय आलं?"

शेवटी ताई एवढंच म्हणाली, "ते परातीतलं तेल मला पण दाखव ना उद्या."

ही गोष्ट इथेच संपते असं नाही. भाचीचं प्रथिन अजून त्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसलेलं नाही. लग्नही ठरलेलं नाही. पण परवा एका बारशात ताईला पुन्हा कुणीतरी विचारलं, "मुलगी काय करते?" मी शेजारीच होते. ताई म्हणाली, "साबणाच्या पाण्यात प्रथिनं जगवते." ती बाई हसायच्या आत ताईने तिला विचारलं, "तुमच्याकडे कुणाला दमा आहे का हो? बसा, सांगते." आणि पुढची वीस मिनिटं बाळाचं नाव बाजूलाच राहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. लांबच्या शहरात, न कळणाऱ्या विषयात वर्षं घालवणारी. तिला "अजून किती दिवस?" असं विचारण्याआधी एकदा म्हणून बघा, "काय करतेस ते मला समजेल असं सांग." परात आणि गोडेतेल आपल्या घरात असतंच.